दसऱ्याला नावावर करू

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. नाशिक रस्त्याला लागून असलेल्या एका पोलीस चौकीच्या मागच्या आवारात, बाभळीखाली मी उभी आहे. उभी कसली, एका बाजूला कललेली आहे. माझी दोन्ही चाकं मातीत रुतली आहेत, सीटमधला काथ्या चिमण्यांनी घरट्यासाठी उपसून नेला आहे आणि टाकीवर पांढऱ्या रंगाने गुन्ह्याचा नंबर रंगवला आहे. इथे आम्हाला कुणी गाडी म्हणत नाही. इथे आमचं नाव मुद्देमाल.

तुम्ही म्हणाल, आता ही आपलं रडगाणं गाणार. गाईन थोडंसं. तेवढा हक्क मला आहे. पण माझ्या गोष्टीत माझ्यापेक्षा माणसांचंच जास्त आहे, तेव्हा ऐका.

माझा जन्म दूर दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. आगगाडीच्या वाघिणीतून मी पुण्याला आले आणि दुकानाच्या काचेमागे ऐटीत उभी राहिले. काळा रंग, टाकीवर सोनेरी रेघ, आणि हँडल असं चकचकीत की गिऱ्हाइकं त्यात बघून भांग नीट करायची. तिथे एका रविवारी दोन जण आले. एक होता महाळुंग्याचा खंडू आणि दुसरा चाकणचा बरकत. दोघेही पिंपरीच्या एकाच कंपनीत शेजारी-शेजारी मशीनवर उभे राहायचे. गाडी घ्यायची होती खंडूला, पण माझ्याभोवती फिरून, खाली वाकून, इंजिनाला कान लावून पाहत होता बरकत.

"घे राव," तो म्हणाला. "आवाज एकदम साफ हाय."

खंडूकडे एवढे पैसे एकदम कुठून असणार? फायनान्सवाल्याकडून कर्ज काढलं. जामीन म्हणून बरकतने सही ठोकली, तीही न वाचता. दुकानदाराने विचारलं, "अहो, वाचा तरी." तर बरकत म्हणाला, "काय वाचायचं त्यात? खंडूच हाय ना?"

त्या काळी महाळुंग्यात कारखान्याचं नाव नव्हतं. सगळीकडे कांदा, बाजरी आणि बांधावरच्या बोरी. मी गावात शिरले तेव्हा कुत्री भुंकत मागे लागली आणि बायका चुली सोडून दारात आल्या. खंडूची आई गिरजाबाई तांब्या घेऊन पुढे आली. तिने माझ्या चाकांवर पाणी घातलं, मला हळद-कुंकू लावलं आणि माझ्या दिव्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. मला फार बरं वाटलं. कारखान्यात माझ्यावर इतके हात फिरले होते, पण असा कुणाचा नव्हता.

पुढची काही वर्षं माझी सोन्याची गेली. रोज खंडू मला घेऊन निघायचा, चाकणला बरकत मागे बसायचा आणि आम्ही मोशी, भोसरी करत पिंपरी गाठायचो. कंपनीच्या गेटावर सायकलींचा नुसता समुद्र असायचा. त्यात मी शिरले की माणसं बाजूला व्हायची. "आला बघा महाळुंग्याचा पाटील!" असं कुणीतरी ओरडायचं आणि खंडू लाजून हसायचा. आठवड्याच्या सुट्टीला बरकत मला त्याच्या दारात घ्यायचा, प्लग काढून घासायचा, साखळीला तेल द्यायचा. त्याची बायको मुमताज म्हणायची, "एवढी माझी चौकशी केली असती तर!" तो म्हणायचा, "तू कधी बंद पडलीस का? ही पडते." खरं सांगते, मी बंद पडत नसे. पण त्याला तेवढंच निमित्त लागायचं.

मग कंपनीत संप झाला.

संप कशाचा, कोण बरोबर, कोण चूक, ते मला विचारू नका. मला एवढंच कळलं की गेटापाशी घोषणा द्यायला खंडू पुढे होता आणि संप मिटल्यावर पुढे असलेल्यांना कंपनीने बाहेर काढलं. चौकशी होईपर्यंत घरी बसा, म्हणाले. बरकत घोषणा देणाऱ्यातला नव्हता, त्यामुळे त्याचं काम राहिलं. त्याला त्याची लाज वाटायची, आणि खंडूला घरी बसण्याची. दोघेही एकमेकांसमोर उगाच मोठमोठ्याने हसायचे.

हप्ते थकले. एके दिवशी फायनान्सवाल्याची दोन माणसं भर दुपारी महाळुंग्यात आली. पारावर माणसं बसलेली होती. त्यांच्या देखत एकाने माझं हँडल धरलं आणि म्हणाला, "चावी आण." खंडूच्या तोंडचं पाणी पळालं. गिरजाबाई मध्ये पडली. "आरं, घरात या, च्या घ्या, अशी रस्त्यात आब्रू काढू नका," म्हणाली. ती माणसं मुदत देऊन गेली. पण पारावरच्या लोकांनी पाहायचं ते पाहिलं होतं.

हे कानावर पडताच बरकत चाकणहून चालत आला. हो, चालत. एस.टी.ची वाट पाहायलाही थांबला नाही.

"खंडू, ऐक," तो म्हणाला. "हप्ते आजपासून माझ्या अंगावर. मागचे बी मी फेडतो. विमा बी माझाच. गाडी माझ्याकडं राहू दे. तू कामावर गेलास, की बघू."

"आन न्हाई गेलो तर?"

"तर गाडी माझी. मला काय फुकट देतोस का? मी पैसे भरून घेतोय."

मित्रांनो, मदत अशी करावी. समोरच्याला ती मदत आहे असं वाटूसुद्धा द्यायचं नाही. खंडूचे डोळे भरून आले, पण तो एवढंच म्हणाला, "क्लच जरा घट्ट हाय, सांभाळून धर." जणू बरकतला ते ठाऊकच नव्हतं!

आता राहिलं नाव. पुण्याला जाऊन दोघांनी सह्या करायच्या, गाडी बरकतच्या नावावर करायची आणि त्याच नावाने नवा विमा काढायचा. जुन्या विम्याची मुदत त्याच सुमाराला संपत होती. बरकत म्हणाला, "उद्याच जाऊ." तेवढ्यात गिरजाबाई आतून म्हणाली, "उद्या? उद्यापासनं पितरपाठ लागतोय बाबा."

पितृपंधरवड्यात नवं काही घ्यायचं नाही, कुणाला काही द्यायचं नाही, नवं काम काढायचं नाही. गावात सगळे हे पाळायचे. गिरजाबाईने हात जोडले. "बरकत, माज्या लेकाचं आधीच समदं उलटं चाललंय. एवढे दिस जाऊ दे. दसऱ्याला नावावर करू. मी माज्या हातानं हार घालीन."

बरकतला पितरपाठाचं काय सोयरसुतक? त्याच्या घरी असलं काही नव्हतं. पण म्हातारीच्या शब्दाबाहेर तो कधी गेला नव्हता. तो हसून म्हणाला, "आई म्हणते तर दसऱ्याला. विमा बी तेव्हाच काढू. आता जुन्या नावानं काढायचा, मग पुन्ना नव्या नावानं, कशाला दोनदा? तोवर गाडी उभीच ठेवतो."

उभी ठेवतो म्हणाला आणि खरंच उभी ठेवली. मग एक दिवस पहिल्या शिफ्टला एस.टी. चुकली, म्हणून मला काढलं. मग आणखी एकदा काढलं. त्यानंतर रोजच काढू लागला. माणसाचं असंच होतं. त्यात पाप काही नव्हतं.

खंडूच्या वडिलांची तिथ आली. घरात पैशांची ओढाताण, खंडू कुठे जायला धजेना. आदल्या दिवशी बरकत म्हणाला, "पानं न् भाजी मी आणतो पिंपरीहून, शिफ्ट सुटली की." अळूची पानं, गवार, भोपळा, केळीची पानं असं सगळं त्याने माझ्या मागच्या सीटवर दोरीने बांधलं. केळीची पानं फाटू नयेत म्हणून त्यावर स्वतःचा शर्ट टाकला आणि बनियनवर निघाला. दोस्ताच्या बापाचं श्राद्ध नीट व्हावं म्हणून एवढी काळजी!

भोसरी सोडण्याआधीच रस्त्याच्या कडेला कांद्याचा ट्रक उभा होता. ट्रकच्या पुढून एक सायकलवाला एकदम रस्त्यात आला. बरकतने दोन्ही ब्रेक आवळले. माझं मागचं चाक घसरलं, मी आडवी झाले आणि तशीच घसरत सायकलवर गेले.

त्या सायकलवाल्याचं नाव जयसिंग. मराठवाड्यातून आलेला, भोसरीच्या एका फौंड्रीत दुसऱ्या शिफ्टला निघालेला. त्याच्या डब्यातली भाकरी रस्त्यावर पडली होती. तो शुद्धीवर होता. बरकत रडत त्याच्याजवळ बसला, तर तो म्हणाला, "माझी शिफ्ट चुकायली हो. कुणीतरी गेटावर सांगा." मग म्हणाला, "सायकल बाजूला घ्या, कुणी चेपील." लोकांनी त्याला ट्रकमध्ये घालून दवाखान्याला नेलं. तो वाटेतच गेला.

मला चौकीत आणलं. खिडकीला टेकवून ठेवलं, म्हणून आतलं सगळं मला ऐकू आलं. बरकतचा हात गळ्यात बांधलेला होता. निरोप मिळाला तसा खंडू धावत आला. यशवंतराव हवालदार टेबलाशी बसले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आधी दोघांना पाणी दिलं आणि मग सांगितलं, "चूक कुणाची ते कोर्ट बघेल. पण गाडीला विमा नाही. विमा असता तर गेलेल्याच्या बायकोला भरपाई विमावाल्यांनी दिली असती. आता ती मालकाच्या बोकांडी बसणार. तर सांगा, गाडी कुणाची?"

मित्रांनो, हा प्रश्न त्या दोघांना आजवर शेकडो लोकांनी विचारला असेल. गेटावर कुणी विचारलं की खंडू म्हणायचा, "बरकतची." बरकत म्हणायचा, "खंडूची." दोघेही हसायचे आणि विचारणारा डोकं खाजवत जायचा.

त्या दिवशी आधी खंडू बोलला. त्याची कंपनीतली चौकशी संपत आली होती. आता अंगावर गुन्हा आला असता तर कंपनीचं दार कायमचं बंद झालं असतं. तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "बरकतची. हप्ते त्योच भरतो."

बरकतने त्याच्याकडे असं पाहिलं की माझं इंजिनच थिजलं. मग तो म्हणाला, "गाडीचं पुस्तक बघा साहेब. नाव खंडूचं हाय. मी ह्यांच्याच घरची भाजी आणाया गेलो होतो."

दोघे तेच बोलले, जे रोज बोलायचे. आणि दोघांचंही खरं होतं! म्हणून तर मला त्यांचा इतका राग येतो. खोटं बोलले असते तर निदान पकडले गेले असते.

दुसऱ्या दिवशी खंडूच्या वडिलांच्या श्राद्धाला घरात पानं नव्हती. ती माझ्या सीटवर वाळत होती.

नंतर पुण्याच्या कोर्टात भरपाईच्या तारखा सुरू झाल्या. यशवंतरावांना साक्षीला जावं लागे. परत आले की ते माझ्याशेजारी दगडावर बसून चहा घेत आणि दुसऱ्या हवालदाराला सांगत. जयसिंगची बायको कस्तुरा प्रत्येक तारखेला भोसरीहून यायची. तिने कुठेतरी खडी फोडायचं काम धरलं होतं. तारखेला आली की त्या दिवसाची मजुरी बुडायची. ती बाकावर बसायची. खंडूचा वकील सांगायचा, गाडी केव्हाच दिली. बरकतचा वकील सांगायचा, कागद दाखवा. मग पुढची तारीख. "बाई तोंडातून शब्द काढत नाही," यशवंतराव म्हणायचे. "मला फक्त विचारते, मालक सापडला का म्हणून."

खंडूला कंपनीने परत घेतलं. बरकतवरचा गुन्हा टिकला नाही, कारण सायकल अचानक पुढे आली हे ट्रकवाल्याने सांगितलं. दोघांचंही काही बिघडलं नाही. पुन्हा एकाच गेटातून आत जायचे, पण वेगवेगळ्या वेळी.

एकदा बरकत मुमताजला घेऊन मला पाहायला आला. पुण्याला हप्ता भरून येत होता. हो, तो हप्ते भरतच होता! मी इथे गंजत होते आणि तो माझे पैसे दर महिन्याला भरत होता. त्याने माझ्या इंजिनावरचा पाला झाडला. मुमताज म्हणाली, "हप्ता भराया पुण्याला जाता. मग भोसरीला त्या बाईकडं जायाला पाय मोडत्यात का?"

"हप्त्याचा शब्द मी दिला होता," बरकत म्हणाला. "ह्याचा शब्द कुणी घेतला न्हवता माझ्याकडनं."

मुमताज त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हंजे कुणी मागितला तरच द्यायचा व्हय?" तिने पदर डोळ्यांना लावला आणि एकटीच रस्त्याकडे चालू लागली. मलाही वाटलं, हा माणूस चालत महाळुंग्याला आलेला बरकत नव्हेच.

वर्षं गेली. माझ्या टायरांना भेगा पडल्या. मग मागच्या भाद्रपदात एक दिवस खंडू आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. यशवंतराव पुढच्या खोलीत होते, पण तो आधी माझ्यापाशी आला, उकिडवा बसला आणि मलाच सांगू लागला.

वडिलांची तिथ होती. गिरजाबाईने नेहमीसारखी पानं मांडली. एक सासऱ्याचं, एक नवऱ्याचं. आणि शेजारी आणखी एक. खंडूने विचारलं, "हे कुणाचं?" ती म्हणाली, "त्या पोराचं. जयसिंगचं. दर साली मांडतीया मी, तू बघत न्हाईस. माज्या शब्दापायी विमा ऱ्हायला. त्याच्या घरी कोन मांडत आसल, देव जानं." खंडू म्हणाला, "आई, आपला काय संबंध?" तेव्हा म्हातारीने हातातली पळी खाली ठेवली. "गाडीला पानी कुणी घातलं हुतं? कुंकू कुणी लावलं हुतं? तुजी न्हाई, त्याची न्हाई, मंग ती आली कुणाच्या दारात?"

"तिच्यापुढं मान वर करता येईना," खंडू मला म्हणाला. "घासच उतरंना."

तो जेवणावरून उठला आणि दुसऱ्या दिवशी वकिलाला न सांगता पुण्याच्या कोर्टात गेला. पुकारा व्हायची वाट न पाहता कारकुनासमोर उभा राहून म्हणाला, "गाडी माझी हाय. भरपाई मी देनार. जी म्हनाल ती."

कारकुनाने कागद चाळले. "कोणती केस? ही? ही तर संपली की. बाई लागोपाठ तारखांना आलीच नाही. अर्ज काढून टाकला."

"पर गाडी माझी हाय," खंडू पुन्हा म्हणाला.

"असू दे की," कारकून म्हणाला. "आता कुणी विचारतंय का?"

तिथून तो भोसरीला कस्तुराच्या खोलीवर गेला. खोलीवाल्याने सांगितलं, ती गेली. भाडं थकलं, कामावर हाताला लागलं, मग गेली गावाकडे. कुठलं गाव? खोलीवाला म्हणाला, "परभणीकडचं कायतरी." खंडूने खडीच्या कामावर विचारलं, फौंड्रीच्या गेटावर विचारलं, वकिलाला विचारलं. परभणीकडचं. बस्स, त्यापलीकडे कुणाला काही ठाऊक नव्हतं. इतक्या तारखांना ती त्यांच्या शेजारच्या बाकावर बसली, पण तुमचं गाव कोणतं बाई, एवढं एका माणसाने विचारलं नव्हतं.

मग तो चाकणला बरकतकडे गेला. काय बोलणं झालं ते त्याने मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "त्यो बी रडला." पण त्यानंतर दोघे मिळून मला पाहायला कधी आले नाहीत. फुटलेलं ते फुटलंच.

यशवंतराव बाहेर आले. म्हणाले, "केस निकालात निघाली आहे. मालकाने सही करून मुद्देमाल न्यायला हरकत नाही." खंडूने सही केली. 'मालक' असं छापलं होतं, त्यापुढे त्याने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. पण मला नेलं नाही. नेऊन करायचं काय? मी ढकलूनसुद्धा हलत नाही. येत्या लिलावात भंगारवाला मला वजनावर घेईल.

तर मित्रांनो, आमच्यासारख्यांच्या गोष्टीच्या शेवटी आमची निगा राखा, आम्हाला पुसून ठेवा, असं सांगतात. मला नका पुसू. माझं लोखंड वितळेल आणि त्याचं आणखी काहीतरी होईल, माझी चिंता नाही. दोस्ताचं ओझं घ्या, जरूर घ्या. पण घ्याल तेव्हा अख्खं घ्या, त्याच दिवशी घ्या, आणि शुभ दिवस शोधत बसू नका.

आणि एक काम माझं करा. तुमच्यातलं कुणी परभणीकडचं असेल, किंवा तुमचे पाहुणे तिकडे असतील, तर जरा विचारून बघा. कस्तुराबाई म्हणून एक बाई आहे. नवऱ्याचं नाव जयसिंग, तो भोसरीला फौंड्रीत होता. तिच्या हाताला दुखापत आहे. ती फार बोलत नाही, तेव्हा तुम्हीच आधी बोला. तिचं गाव विचारून घ्या. आणि तिला सांगा, बाई, मालक सापडला.